मुळाची खूण

त्या घरात शिरलं की आधी खांबांचे खांदे दिसायचे. आपल्याकडे खांब खाली जाड असतो आणि वर जाताना बारीक होतो, झाड वाढतं तसाच. तिथले आठही खांब वर जाड होते. छताजवळ ते एकदम रुंद होऊन पुढे आलेले होते, त्यामुळे दारात उभं राहून पाहिलं तर आठ माणसं खांद्यावर तुळया घेऊन, मान वाकवून, खाली बसलेल्याकडे बघत आहेत असं वाटायचं.

त्या घरात मला शाळा काढायची होती.

गाव नवापूरकडच्या डोंगरातलं, चिंचपाड्याच्या पुढे दोन टेकड्या ओलांडून. वस्ती कोकणी नावाच्या आदिवासी जमातीच्या शेतकऱ्यांची. शाळा आसपास कुठेच नव्हती. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो आणि माझ्या डोक्यात छापलेली वाक्यं भरलेली होती. माझे मामा धुळ्याला छापखान्यात खिळे जुळवायचे. आमच्या कोरीटच्या घरी येताना ते पत्रकांचे गठ्ठे आणायचे: दारू सोडा, विलायती कापड जाळा, देवीपुढे बोकड कापू नका, मुलींना शिकवा. वडील सुतार होते. ते त्यातल्या कागदांत पटाश्या गुंडाळून ठेवायचे आणि मी त्या पटाश्या सोडवून कागद वाचायचो. मी वाचायला शिकलो तो असा. पत्रकात शंकेला जागा नसते, कागद लहान असतो. माझंही तसंच होतं.

घराचा आताचा मालक नवापूरचा एक व्यापारी. त्याला घराचं काही करायचं नव्हतं. तिथे राखणदारसुद्धा टिकत नव्हता. "शाळा काढा, नाहीतर गुरं बांधा," म्हणाला आणि किल्ली दिली. होळीनंतर आठ दिवसांनी मी वळकटी, एक फळा आणि खडूची पेटी घेऊन तिथे राहायला गेलो.

पहिल्या दिवशी एकही मूल आलं नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी गावच्या कारभाऱ्याकडे गेलो. साठीचा, बारीक, डोळ्यांनी हसणारा माणूस. तो माझ्याशी त्यांच्या कोकणीत थोडी अहिराणी मिसळून बोलायचा. मी इथे ते माझ्या मराठीत लिहितो.

"पोरं का पाठवत नाही?" मी विचारलं.

"पाठवू की. दुसरीकडे कुठे बसवा."

"त्या घरात काय आहे? भूत?"

"तुम्ही म्हणता नाही, मग नसेल," तो म्हणाला. "पण गुरुजी, तुम्ही तिथे एकटेच राहता ना? मग भांडता कुणाशी? काल दुपारी वाटेनं जाताना ऐकलं मी."

बाजूचे लोक हसले. मी काल दुपारी खरोखरच मोठ्यानं बोलत होतो, पण ते भाषणाच्या तयारीसाठी. तसं सांगितलं तर ते आणखी हसले.

मग कारभारी गंभीर झाला. "भूतबित नाही. त्या घराचे खांब उलटे आहेत असं एक माणूस म्हणायचा. मूळ वर, शेंडा खाली. झाडाला डोक्यावर उभं केलं तर त्या घरात माणूस ठरत नाही. ते बांधणारा गोरा साहेब ठरला नाही. त्याच्यानंतरचा कारकून ठरला नाही. दोन राखणदार गेले. आता पोरं पाठवायची म्हणजे..."

"आणि खांब सुलटे असले तर?"

"तर पाठवू. पण कोण सांगणार? ज्यानं उभे केले तोच सांगू शकतो. तो कोरीटचा मिस्तरी. असेल-नसेल देवाला माहीत."

"आहे," मी म्हणालो. "माझे वडील आहेत ते."



"मग आणा त्याला," कारभारी म्हणाला. "हत्यारावर हात ठेवून सांगू दे, मूळ खाली आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं तुमची."

मला वाटलं, मी जिंकलो.

घराची गोष्ट मला वडिलांकडून तुटक तुटक कळलेली होती. चौदा सालची मोठी लढाई सुरू व्हायच्या काही वर्षं आधी जंगलखात्यातल्या एका गोऱ्या साहेबानं ते बांधलं. विलायतेत त्याचं आजोळ एका खेड्यात होतं आणि तिथलं घर त्याला जसंच्या तसं इथे हवं होतं. त्याच्याकडे त्या घराचं रंगीत चित्र होतं: काळ्या लाकडाचा सांगाडा, लाकडांच्या मधे चुन्याचे पांढरे चौकोन, वर गवताचं उंच, उतरतं छप्पर. चित्र पाहून डोंगरातली माणसं पोट धरून हसली होती म्हणे. "हे तर आपलंच घर!" लाकडाचा सांगाडा, मधे काटक्यांचा कुड, वर माती-शेणाचं लिंपण, डोक्यावर गवत. इथल्या प्रत्येक झोपड्याची रीत तीच. साहेबाच्या देशातला शेतकरीही असाच राहतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. तो इथे येऊन एवढा मोठा कशानं झाला, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. मी विचारला असता.

कारण फरक एवढाच होता की साहेबाच्या घराला साग लागला. ज्यांच्या डोंगरात तो साग वाढला त्यांना स्वतःच्या घरासाठी त्याचा एक वासा तोडायची मुभा नव्हती. त्यांच्या घरांना वाळवी लागणारं लाकूड. साहेबासाठी मात्र आठ सागवान त्यांनीच तोडले, त्यांनीच ओढून आणले.

बांधायची पद्धतही वेगळी होती. आपण खांब एकेक करून उभा करतो. साहेबाच्या रीतीनं अख्ख्या भिंतीचा सांगाडा आधी जमिनीवर आडवा जुळवायचा, प्रत्येक सांध्यावर पटाशीनं आकडा कोरायचा, लाकडी खुंट्या ठोकायच्या, लोखंडाचा खिळा एकही नाही, आणि मग दोर बांधून गावभरच्या माणसांनी तो एका दमात उभा ओढायचा. वडील हे सांगताना अजून हात वर करायचे. आणि तिथेच थांबायचे. पुढचं कधी सांगायचे नाहीत.

मला एवढंच ठाऊक होतं की त्यानंतर त्यांनी दुसरं घर बांधलं नाही. नांगर केले, बैलगाड्या केल्या, पाळणे केले. कुणी घराचं काम घेऊन आला तर म्हणायचे, हात दुखतो.

कारभाऱ्याकडून परतलो त्याच दिवशी मी मामांना पत्र लिहिलं आणि पत्रकाचा मजकूर पाठवला. 'त्या घरात काही नाही' असा मथळा होता. त्यात एक वाक्य असं: 'या घराचे सर्व खांब मुळाकडून खाली आहेत, याला ते उभे करणारा सुतार स्वतः साक्षी आहे.' वडिलांना मी अजून विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात?

गठ्ठा यायला दिवस लागणार होते. तोवर मी घर झाडून काढलं आणि वाट पाहत राहिलो.

रात्री मला गाढ झोप लागायची. त्रास होता दुपारचा. ऊन डोक्यावर आलं की छपराखाली लाकूड बोलायला लागायचं. आधी एक कट् असा आवाज वर, खांबाच्या खांद्यापाशी. मग थोडं खाली. मग आणखी खाली. काहीतरी बोटाबोटानं उतरत येतंय तसा तो आवाज खांबाखालच्या दगडापर्यंत, उथळ्यापर्यंत, यायचा आणि थांबायचा. मग दुसऱ्या खांबात. मी स्वतःला सांगायचो, उन्हानं लाकूड तडतडतं. ते खरंच होतं. पण मग ते नेहमी वरून खालीच का तडतडायचं?

भिंतीचे पांढरे चौकोन जागोजाग निखळले होते आणि आतला बांबूचा कुड बरगड्यांसारखा दिसायचा. मी फळ्यावर मुळाक्षरं लिहायचो आणि पाठीमागे कुणी वाचतंय असं वाटून वळायचो. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी खांबाला टेकून बसत नाही. बसतो तो खोलीच्या मधोमध, चटईवर, कुणी बोलावलं नसल्यासारखा. एकदा जेवण झाल्यावर डोळा लागला आणि स्वप्न पडलं की मी पाय वर करून उभा आहे आणि तोंडात माती आहे. जागा झालो तेव्हा खरोखरच तोंड कोरडं पडलं होतं. मी उठून पडवीत गेलो.

पडवी हा त्या घराचा एकच भाग मला आवडायचा. चित्रात ती नव्हती. लाकूड तासायला सावली हवी म्हणून काम सुरू होण्याआधी तिथे एक मांडव उभारला होता आणि पुढे साहेबानं तोच घराला जोडून घेतला. त्याच्या खांबांना वर नैसर्गिक दुबेळकी, तिच्यात आडवं लाकूड बसवलेलं. इथल्या कुठल्याही घरासारखा. प्रत्येक खांबाच्या बुडाशी, जमिनीच्या वीतभर वर, कुऱ्हाडीची एक तिरकी खाच होती. मला वाटायचं, तोडताना कुऱ्हाड निसटली असेल.

त्या पडवीत एक म्हातारी येऊन बसायची. गवताचा भारा घेऊन जाताना टेकायची, पाणी मागायची. आत कधी डोकावायची नाही. चौथ्या-पाचव्या खेपेला तिनं विचारलं, "तू कोरीटच्या मिस्तरीचा ना?"

"हो, आजी."

"जिवंत आहे?"

"आहे."

"हात चालतात त्याचे?"

"चालतात."

"मग बरं आहे," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या दिवशी तिनं मला सांगितलं. तिचा नवरा लाकूडतोड्या होता आणि माझ्या वडिलांचा जोडीदार. साहेबाच्या घराचे आठही साग त्यानं निवडले आणि तोडले. झाड पडलं की फांद्या छाटायच्या आधी बुंध्याकडच्या टोकाला कुऱ्हाडीची एक तिरकी खाच मारायची, ही त्यांची रीत. लाकूड तासून चौकोनी झालं की मूळ कुठलं नि शेंडा कुठला हे कळत नाही. ती खाच बघून खांब उभा करायचा. तिनं पडवीच्या खांबाच्या बुडाशी बोट ठेवलं. "ही बघ. ही पडवी त्यानंच उभी केली."

मी वाकून ती खाच पाहिली. मी तिला निसटलेली कुऱ्हाड समजत होतो.

"सांगाडा ओढायच्या दिवशी सगळं गाव दोराला लागलं होतं," ती म्हणाली. "हा मधेच दोर सोडून उभा राहिला. म्हणाला, खांब उलटे आहेत. जाड बाजू वर आहे. मी तोडलेलं झाड मला ओळखू येणार नाही? सगळे थांबले. खुणा बघितल्या तर खुणाच नव्हत्या. मग मिस्तरी बोलला. म्हणाला, जाड आहे ती फांदीची बाजू. फांद्या फुटतात तिथे झाड फुगतं, फांद्या मी कापल्यात. मूळ खाली आहे, माझा शब्द. लोकांनी मिस्तरीचं ऐकलं. तो शिकलेला कारागीर. दोर ओढला."

"आणि मग?"

"साहेबाच्या मुकादमानं याला कामावरून काढलं, माणसं बिथरवतो म्हणून. हा रोज येऊन इथे बसायचा आणि खांबांकडे बघायचा. लोक हसायला लागले. लाकडाशी बोलतो म्हणायचे. मग तो गुजरातकडे लाकडं तोडायला गेला. तिकडेच तापानं मेला." तिनं भारा उचलला. "अजून गावात कुणी हट्ट केला की त्याला माझ्या नवऱ्याच्या नावानं चिडवतात. माझ्या नातीलासुद्धा."

ती निघून गेल्यावर मी आत जाऊन शिडी लावली आणि एका खांबाच्या खांद्यावरून हात फिरवला. सगळ्या अंगावर वाकसाचे, लाकूड तासायच्या त्या हत्याराचे, घाव एकसारखे होते. खांद्यापाशी एका जागी मात्र थोडं खोलगट होतं, गुळगुळीत, पुन्हा पुन्हा तासल्यासारखं.

मी कोरीटला गेलो तेव्हा वडील अंगणात गाडीच्या चाकाला आरे बसवत होते. आई ओसरीत धान्य पाखडत होती.

"शाळा काढनी शे, आबा," मी घरच्या अहिराणीत म्हणालो. "तुम्हीच बांधेल घर शे ना ते?"

"हा. मीच बांधेल शे."

"मंग चला. एकच गोट सांगनी शे. मूळ खाले शे, इतलंच."

त्यांनी आरा खाली ठेवला. बराच वेळ ते चाकाच्या रिकाम्या भोकात बोट फिरवत राहिले.

"मूळ खाले नही शे," ते म्हणाले.

आईचं सूप थांबलं.

"साहेबना चित्रमा तसंच व्हतं. जाड बाजू वर. वर तीन लाकडं एक जागे येतस, जागा जास्त लागस. काम चांगलं व्हतं, भाऊ. त्यान्हापेक्षा चांगलं काम मी कधी करं नही." मग आवाज खाली गेला. "मन्हा जोडीदारले ते पटतं नही. त्याले सांगानी हिंमत नही व्हयनी. खुना मीच तासी टाक्यात. सगळा गावसमोर खोटं बोलनू. तो एकलाच खरं बोली ऱ्हायंता."

"पंचवीस वरीस व्हयनात," आई सुपाकडे बघत म्हणाली. "मन्ही चूलवरनं छप्पर गळस, हाऊ माणूस त्याले हात लावत नही. म्हने हात दुखस. आते समजनं कोठे दुखस ते."

मला त्यांची कीव आली आणि त्याहून जास्त घाई झाली. गठ्ठा गावात येऊन पडलेला असणार होता. मी बोलत सुटलो. लाकूड मेलेलं असतं, त्याला काय मूळ अन् काय शेंडा. विलायतेत अशी घरं शेकडो वर्षं उभी आहेत, माणसं सुखानं राहतात. ही अंधश्रद्धा आहे आणि तिच्यापायी पोरं अडाणी राहतात. एक शब्द बोलला तर पिढी शिकेल. तेव्हा साहेबासाठी बोललात, आता पोरांसाठी बोला.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"तू म्हनस ते खरं व्हई," ते म्हणाले. "मरेल लाकूड काय करी? ते खोटं बोलत नही. मी बोलनू."

"मंग येतस का नही?"

"येस ना." त्यांनी वाकस उचललं, पटाशी घेतली. पटाशीवर गुंडाळलेला कागद सोडून त्यांनी माझ्या हातात दिला. वाटेत दीड दिवस ते काय सांगणार आहेत हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी भीत होतो. ते खरं बोलतील याला भीत होतो. सत्यावर मी स्वतः दोन पत्रकं लिहिली होती.

सकाळी गाव जमलं. बाया पडवीच्या बाहेर, पुरुष दारापाशी, पोरं झाडांवर. पत्रकांचा गठ्ठा माझ्या काखेत होता, सुतळी अजून सोडलेली नव्हती. वडील आले आणि आधी पडवीच्या खांबापाशी थांबले. खाली वाकले. बुडाशी असलेल्या खाचेत त्यांनी अंगठा ठेवला आणि तसेच बसून राहिले, इतका वेळ की कारभाऱ्यानं खाकरून घेतलं.

"मिस्तरी, ओळखलं का आम्हाला? दोर ओढला होता मी. खांद्याचं साल गेलं होतं."

"ओळखं," वडील म्हणाले. "तू मधेच सोडी देस म्हनीसन तुले पुढे उभा करं व्हतं."

लोक हसले. कारभारीही हसला. मग त्यानं बोट आत केलं. "सांग. मूळ कुठे आहे?"

वडिलांनी वाकस जमिनीवर ठेवलं आणि त्यावर उजवा हात ठेवला. सुताराची शपथ ती हीच. मी काखेतला गठ्ठा आणखी घट्ट धरला.

"मूळ वर शे," ते म्हणाले. "आठी खांबनं. खुना मी तास्यात. या बाईना नवरा खरा व्हता, मी खोटा. त्याले माहीत व्हतं, माले माहीत व्हतं. तुमले कोनलेच माहीत नव्हतं."

एका झाडावरून एक पोर घसरून खाली आलं आणि तिथेच उभं राहिलं. म्हातारी पडवीच्या कडेला बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, जसं कुणी मोठं माणूस घरात आलं की करतात.

"मिस्तरी," ती म्हणाली, "एवढं बोलायला एवढी वर्षं लागली?"

"लागनी," वडील म्हणाले.

मग त्यांनी मला शिडी मागितली. आत जाऊन पहिल्या खांबाला लावली, वर चढले, आणि त्या जाड खांद्यावर, गुळगुळीत केलेल्या जागी, पटाशीनं पुन्हा तिरकी खाच मारायला लागले. आतले ते घाव बाहेर सगळ्यांना ऐकू येत होते. कुणी आत आलं नाही. लोक दारातून, खिडक्यांतून बघत होते.

दुसऱ्या खांबाशी शिडी लावली तेव्हा म्हातारी उठली आणि आत आली. त्या घरात ती पहिल्यांदाच येत होती. पहिल्या खांबावर तळवा ठेवून ती म्हणाली, "हा ओढ्याकाठचा." दुसऱ्यावर हात ठेवला. "हा वारुळाजवळचा. याच्यावर मध होता." तिच्या नवऱ्यानं तिला सगळी झाडं सांगितलेली होती. वडील वर खाच मारत आणि ती खाली झाडाची जागा सांगे. खिंडीतला. जोड झाडातला धाकटा. बाहेर लोक हळू आवाजात दुजोरा देऊ लागले: हो, तिथे बुंधा आहे अजून. आठव्याशी ती अडली. हात ठेवून उभी राहिली. "हा... हा कुठला गं? गेलं डोक्यातून."

"टेकडीवरला," वडील वरून म्हणाले. "त्यावर वीज पडेल व्हती. एक बाजू काळी व्हती. त्यानी माले दाखाडं व्हतं."

"हो," म्हातारी म्हणाली. "वीज पडलेला."

वडील खाली उतरले आणि त्यांनी पटाशीची धार पुसली. सगळे पांगण्याच्या बेतात होते आणि मला कळलं की शाळा गेली. मी कारभाऱ्याला म्हणालो, "म्हणजे पोरं येणार नाहीत."

"आत नाही येणार," तो म्हणाला. "आता तर मुळीच नाही. खरंच उलटे निघाले ना." मग त्यानं पडवीकडे मान वळवली. "पण ही त्यानं बांधलेली आहे. हिच्यात काय वाईट आहे?"

दुसऱ्या दिवशी पडवीत अकरा पोरं येऊन बसली. सगळ्यांत पुढे म्हातारीची नात, नऊ-दहा वर्षांची, नवऱ्यामुलासारखी ताठ. वडील चार दिवस राहिले, पडवीचं सडलेलं एक आडवं लाकूड बदललं आणि म्हातारीच्या घराचं दार पुन्हा बसवून दिलं. कोरीटला परत गेल्यावर त्यांनी आईच्या चुलीवरचं छप्पर नव्यानं घालायला उतरवलं असं कळलं.

पाट्या नव्हत्या. कागद फक्त माझ्या गठ्ठ्यात होता, पाठकोरा. मी सुतळी सोडली. आधी शाई घेऊन बसलो आणि प्रत्येक पत्रकावरचं ते एक वाक्य खोडलं. हात दुखेपर्यंत खोडलं. मग पोरांना मागची बाजू दिली.

त्यावर त्यांनी पहिली अक्षरं गिरवली. एकदा ऐन दुपारी आतून तो आवाज आला. कट्, वर. मग खाली. मग आणखी खाली. पोरांचे हात थांबले. मी लगेच सांगायला लागलो की उन्हानं लाकूड आकसतं, त्यात भिण्यासारखं काही नाही.

"आम्ही भीत नाही, गुरुजी," म्हातारीची नात म्हणाली. "ते उलटे आहेत ना. म्हणून करतात." आणि तिनं पुन्हा कागदावर मान खाली घातली.

त्या घरात मी आणखी दोन वर्षं राहिलो. पोरं पडवीत शिकली, आणि मला ओढ्याकाठचा कुठला, वारुळाजवळचा कुठला, हे आवाजावरून ओळखू यायला लागलं. पाठ टेकून मात्र मी तिथे एकदाही बसलो नाही.